निदान रेषेवरचा पाय

वाचकाचं पत्र, थोडक्यात

सोलापुरातले एक वाचक, वय ४३. पतसंस्थेत नोकरी आणि सतरा वर्षं कबड्डीची पंचगिरी. राज्य पंच परीक्षा पास झालेले. चौदा महिन्यांपूर्वी होटगी रोडवर ट्रकनं त्यांच्या गाडीला धडक दिली आणि उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. चार महिन्यांनी कृत्रिम पाय बसवला. आता कामावर जातात, जिना चढतात. मध्यंतरी एका निवड चाचणीला हौसेनं गेले, तर त्यांना सांगण्यात आलं, ‘तुम्ही टेबलावर बसा, गुण लिहा.’ ते तसेच घरी परतले. ते लिहितात:

‘टेबल म्हणजे मला गोडीगुलाबीनं निवृत्त करणं आहे. पंच तो, जो रेषेवर उभा असतो. क्लबच्या सरावात एकदा शिट्टी घेऊन उभा राहिलो. पंधराव्या मिनिटाला असा दुखला की खाली बसलो. पाच-पाच मोजे घालूनही पाय आत हलतो. पोरांनी पळत जाऊन खुर्ची आणली, ती खुर्ची अजून डोळ्यांसमोरून जात नाही. रात्री नसलेल्या पायाची बोटं वळतात, झोप मोडते. बायको म्हणते, जिवावरचं पायावर निभावलं, आता पुरे. मुलगा पंधरा वर्षांचा आहे, तोही खेळतो. त्याच्या सामन्याला येतो म्हटलं तर म्हणाला, पप्पा, नका येऊ. त्याला माझी लाज वाटते. प्रेक्षक काय ओरडतील तेही मला माहीत आहे. शिट्टी देवघराजवळच्या खिळ्याला अडकवलेली आहे. काढून टाकू की गळ्यात घालू, एवढंच सांगा.’

उत्तर

सर,

मैदानावर पंचाला सगळे सरच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा खुर्ची लक्षात राहिली, दुसऱ्यांदा मुलगा. तिसऱ्यांदा एका साध्या वाक्याशी अडखळले: ‘पाच-पाच मोजे घालूनही पाय आत हलतो.’ अख्ख्या पत्रात मला सगळ्यात कामाचं वाटलं ते हे वाक्य, आणि तुम्ही ते जाता जाता लिहून टाकलंय.

पाय कापल्यावर उरलेला भाग, ज्याला दवाखान्यात सगळे स्टंपच म्हणतात, तो पहिलं वर्ष-दीड वर्ष आटत जातो. सूज उतरते, काम न मिळालेले स्नायू बारीक होतात. कृत्रिम पायाचा वरचा पेला, ज्यात स्टंप बसतो, ते सॉकेट. तुमच्या सॉकेटचं माप घेतलं चौथ्या महिन्यात. आज चौदावा चालू आहे. मधल्या काळात पाय बारीक झाला आणि सॉकेट तेवढंच राहिलं. मोज्यांचे थर वाढवणं ही दिवसभरातल्या कमी-जास्तीसाठीची सोय आहे. पाच मोजे लागत असतील तर ते सॉकेट आता तुमच्या मापाचं नाही. सैल सॉकेटमध्ये पाय खाली घसरतो, आणि जो भार गुडघ्याच्या वाटीखालच्या पट्ट्यावर आणि बाजूंवर वाटला जायला हवा तो हाडाच्या टोकावर येतो. मग पंधरा मिनिटांत ब्रह्मांड आठवणारच. दोन नंबर मोठे बूट घालून चढाईला गेलेला पोरगा पडला, तर तुम्ही त्याला कबड्डी सोड म्हणाल की बूट बदल म्हणाल?

त्या दिवशीच्या पंधरा मिनिटांवरून तुम्ही स्वतःविरुद्ध निकाल देऊन टाकला आहे. पंच म्हणून एवढी घाई तुम्ही दुसऱ्या कुणाच्या बाबतीत केली नसती. म्हणून शिट्टीचा प्रश्न तात्पुरता खिळ्यालाच राहू द्या. आधी सॉकेट.

जिथून पाय घेतला तिथेच आधी जा, कारण पहिल्या वर्षात सॉकेट बदलावं लागणं ही नेहमीची गोष्ट आहे, तक्रार नव्हे. तिथे समाधान झालं नाही तर पुण्यात वानवडीला लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र आहे, १९४४ पासूनचं. तिथे पैसे भरून सामान्य नागरिकांनाही पाय करून मिळतो. हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी निघून रात्री घरी येता येतं. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. पैशांची ओढाताण असेल तर जयपूर फूट आहेच. कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास तो तयार केला, आणि १९७५ मध्ये स्थापन झालेली जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती तो मोफत बसवते. आपल्या मातीच्या मैदानांना तो चांगला मानवतो, कारण तो मुळात शेतात चालणाऱ्या, मांडी घालून बसणाऱ्या माणसांसाठी केलेला. कार्बनचा महागडा ‘स्पोर्ट्स’ पाय दाखवून कुणी लाखांचा आकडा सांगेल. आत्ता त्या नादी लागू नका, आणि कर्ज तर मुळीच काढू नका. तुमचा पाय अजून स्थिरावतोय.

पाय बनवणाऱ्याला एक गोष्ट मात्र आवर्जून सांगा: ‘मी कबड्डीचा पंच आहे.’ नुसतं ‘चालता यायला हवं’ म्हणू नका. जाताना मैदानावर घालता ते पांढरे बूट पिशवीत घेऊन जा. कृत्रिम पायाचा घोटा आपल्यासारखा वळत नाही. त्याचा कोन बुटाच्या टाचेच्या उंचीवर बसवलेला असतो. ऑफिसच्या बुटावर जुळवलेला पाय सपाट कॅनव्हासच्या बुटात घातला की माणूस मागे रेलल्यासारखा होतो, गुडघा ताणला जातो. क्लबमध्ये त्या दिवशी कुठले बूट होते, आठवून बघा.

आता तुमचं ते वाक्य: पंच तो, जो रेषेवर उभा असतो.

तुमच्याएवढी कबड्डी मला कळत नाही, तरी हिशेब करते, चुकला तर सांगा. पुरुषांचं मैदान १३ मीटर बाय १० मीटर. एका बाजूचा अर्धा भाग साडेसहा मीटर. चढाईपटूनं ओलांडायची निदान रेषा मध्य रेषेपासून पावणेचार मीटरवर, जादा गुणाची बोनस रेषा तिच्यापुढे एक मीटर. म्हणजे चढाईपटूबरोबर बाजूच्या रेषेनं तुम्ही साधारण पाच मीटर जाता आणि तेवढेच परत येता. चढाई ३० सेकंदांची, सामना २०-२० मिनिटांचा. ऐंशी चढाया तर होणारच, पटापट संपल्या तर शंभर. सगळं मिळून किलोमीटरभर चाल. फुटबॉलच्या रेफ्रीसारखं दहा किलोमीटर धावणं तुमच्या नशिबी कधीच नव्हतं. तुमच्या कामात धाव थोडी आहे, सरकणं फार आहे. आडवं सरकायचं, चटकन थांबायचं, वाकून बघायचं, मागे हटायचं. आणि सगळं कशासाठी, तर चढाईपटूचा एक पाय निदान रेषेपलीकडे टेकला तेव्हा दुसरा अलीकडे जमिनीला चिकटलेला तर नव्हता, किंवा बोनस घेताना मागचा पाय खरंच हवेत होता, हे दिसावं म्हणून.

म्हणजे पंच तो, ज्याला त्या क्षणी तो पाय दिसतो. रेषेवरची जागा त्यासाठी लागते, हे खरं. पण रेषेवर उभं राहणं आणि बघणं या दोन गोष्टी तुम्ही एकच धरून बसला आहात, आणि त्यातली पहिली गेली म्हणून दुसरीही गेली असं मानता आहात. तुम्हाला नक्की काय परत हवंय? सतरा वर्षं रोज संध्याकाळी मैदानावर असणं? पांढरा पोशाख? की तो निर्णय, हात वर गेल्यावर सगळं मैदान गप्प होतं तो? तिन्हींची उत्तरं वेगळी असू शकतात. एका कागदावर लिहा, कुणाला दाखवू नका.

गेल्या वर्षभरात तुमच्या मोबाइलवर सुधा चंद्रन आणि अरुणिमा सिन्हा यांचे व्हिडिओ किमान पन्नास जणांनी पाठवले असतील. एकीचा पाय १९८१ मध्ये गेला आणि ती पुन्हा नाचली. दुसरीला २०११ मध्ये धावत्या रेल्वेतून ढकललं गेलं आणि २०१३ मध्ये ती एव्हरेस्टवर उभी होती. दोघींना माझा नमस्कार. पण तुम्हाला नाचायचं नाही, एव्हरेस्टवर तर नाहीच जायचं. असले व्हिडिओ बघून कधीकधी उलटंच होतं. माणूस म्हणतो, ती हिमालय चढली आणि मी पंधरा मिनिटांत खुर्चीत. आपल्याच जिल्ह्यातला, करमाळ्याचा सुयश जाधव मला जास्त जवळचा वाटतो. लहानपणी विजेच्या धक्क्यानं दोन्ही हात गेले. २०१६ मध्ये तो रिओच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहला, २०१८ च्या आशियाई पॅरा स्पर्धेत सुवर्ण आणलं, पुढे अर्जुन पुरस्कारही मिळाला. पण तोही खेळाडू. स्वतःच्या वेळेशी आणि समोरच्याशी स्पर्धा करणारा. पंचाचं गणित निराळं असतं.

पंचांमधलंच एक नाव सांगते. इंग्लंडचे फ्रँक चेस्टर, क्रिकेटपटू. पहिल्या महायुद्धात त्यांचा उजवा हात कोपराखाली गेला, खेळणं संपलं. १९२२ पासून ते पंच म्हणून उभे राहू लागले आणि १९२४ ते १९५५ या काळात ४८ कसोटी सामन्यांत पंच होते. ‘हात गेल्यानं पंचाचं काय अडतं?’ असं तुम्ही म्हणाल. अहो, षटकाराला दोन्ही हात वर करावे लागतात, वाइडला दोन्ही आडवे. अडत असणारच. पण तीस वर्षं लोकांनी त्यांच्याकडे पाहिलं ते निर्णय बरोबर येतो म्हणून.

इथे मला थोडं कडू बोलायचंय. मैदानावरचा तुमचा हक्क तुमच्या दुःखातून येत नाही, तुमच्या सतरा वर्षांतूनही येत नाही. तिथे चौदा पोरं घाम गाळत असतात, आणि एका चुकीच्या बोनसनं त्यांच्यातल्या कुणाची निवड हुकू शकते. ‘बिचाऱ्यांना उभं राहू द्या’ म्हणून कुणी तुम्हाला रेषेवर उभं केलं तर तो त्या पोरांवर अन्याय आहे. आणि ‘बिचाऱ्यांना बसू द्या’ म्हणून न बघताच टेबलावर पाठवलं तर तो तुमच्यावर. दोन्हीकडे दयाच आहे. तुम्ही दया मागू नका, चाचणी मागा.

ती कशी घ्यायची, मला सुचतं ते असं. नवं सॉकेट बसल्यावर फिजिओथेरपिस्टकडे सरळ चालण्यापलीकडचे व्यायाम शिका: आडवं सरकणं, उलटं चालणं, वळून थांबणं, आणि मुख्य म्हणजे पडणं. पकडीत पाचजण एकदम बाजूच्या रेषेबाहेर कोसळतात, हे मी सांगायला नको. पूर्वी तुम्ही टुणकन मागे उडी मारायचात, आता ती मारता येणार नाही. तेव्हा गादीवर पडायची आणि उठायची सवय करा, शिट्टी तोंडात न धरता. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेआधी आपल्याकडे नंदीध्वजाचा, त्या उंच काठीचा, सराव चालतो, तो पाहिलाय ना? पेलणारा एकच असतो, पण तोल गेला तर सावरायला माणसं आजूबाजूला असतात, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. क्लबच्या मैदानावर फक्कीनं रेषा मारून घ्या आणि दोन-तीन महिने नुसती रेषेची सवय करा. मॅटवर जाणार असाल तर मॅटच्या कडेची जास्त काळजी घ्या; कृत्रिम पायाला ती कड कळत नाही, बोट तिथेच अडकतं.

मग तीन सराव सामने निवडा, तेही एकाच संध्याकाळी, पाठोपाठ. शालेय स्पर्धा निवडू नका. पोरं लहान म्हणून त्यांचा निकाल लहान नसतो. एका बाजूला तुम्ही, समोर तुमचा एखादा जुना जोडीदार पंच. दोघांनीही निर्णय स्वतंत्रपणे टिपायचे, शिट्टी तिसऱ्यानं मारायची. निदान रेषेच्या सरळ रेघेत एक मोबाइल लावून ठेवायचा. नंतर व्हिडिओ बघून मोजायचं: तुमच्या किती चुका, त्याच्या किती. पहिल्या सामन्याचे आकडे बघून खूश होऊ नका. स्थानिक स्पर्धेत दिवसाला पाच-सहा सामने असतात, तेव्हा खरी परीक्षा तिसऱ्या सामन्याच्या उत्तरार्धात आहे, घामानं लायनर, म्हणजे स्टंपवर चढवायचं मऊ अस्तर, निसटायला लागतो तेव्हा. तिथे तुमच्या चुका जोडीदाराइतक्याच निघाल्या, तर शिट्टी काढा खिळ्यावरून. तिथेच चुका वाढल्या, तर तुम्ही दिवसाला दोन सामन्यांचे पंच आहात. संघटनेला तसं सांगा, त्यात काही वाईट नाही. पहिल्या सामन्यापासूनच जागेवर पोचायला उशीर होत असेल, तर ते सांगायला मी किंवा सेक्रेटरी लागणार नाही. व्हिडिओ तुम्हीच बघणार आहात.

आपल्या उन्हाचं वेगळं सांगते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दुपारचे सामने या वर्षी घेऊच नका, प्रकाशझोतातले घ्या. दोन सामन्यांच्या मध्ये पाय काढून लायनर आणि कातडी कोरडी करायची. पिशवीत मोज्यांचे दोन जोड आणि एक टॉवेल. (टॉवेलची टंचाई सोलापुरात कुणाला पडू नये.) लोकांसमोर पाय काढायला संकोच वाटत असेल तर खोली मागून घ्या, पण ओल्या लायनरवर पुढचा सामना रेटू नका. रात्री आरसा धरून स्टंप खालून बघायचा. लाल डाग पंधरा-वीस मिनिटांत गेला नाही तर दुसऱ्या दिवशी पाय घालायचा नाही, सामना असला तरी.

आता टेबल. तुम्हाला लागलं ते टेबल की सांगण्याची तऱ्हा? ‘तुम्ही टेबलावर बसा’ हे सांगितलं गेलं, विचारलं गेलं नाही. तो राग मला पटतो. पण टेबल म्हणजे निवृत्ती हे पटत नाही. सामन्याला एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक असतात. कोण आधी मेला आणि कोण आधी जिवंत होणार, हा क्रम टेबलाकडे असतो, आणि तो एकदा चुकला की काय रणकंदन होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. अंतिम रेषेबाहेर गेलेला पाय लक्षात आणून देणं हेही सहायकांकडेच. इतकी वर्षं तुम्ही रेषेवरून टेबलाकडे बघत आलात. तिथे बसलेल्या माणसांना तुम्ही मनातून खालचे समजत होता का? मी विचारते आहे, उत्तर मला नको.

शिवाय सरपंच आहेच. दोन पंचांचं मत फुटलं की शेवटचा शब्द त्याचा, आणि प्रत्येक चढाईबरोबर सरकायचं काम त्याला नसतं. सतरा वर्षांच्या माणसाला ही जागा शोभते. मोठ्या स्पर्धांमध्ये आता टीव्ही पंचही असतो, तिथे तर डोळे आणि नियम एवढंच भांडवल. पंच परीक्षेला बसणाऱ्या नव्या पोरांना शिकवणं राहिलंच.

मी तुमच्या जागी असते तर हा हंगाम टेबल घेतलं असतं, पण मुदत घालून. सेक्रेटरींना साध्या कागदावर असं काही लिहा: ‘या हंगामात गुणलेखक म्हणून काम करीन. दिवाळीनंतर माझी मैदानावर चाचणी घ्यावी, इतर पंचांना लावता तेच निकष लावून. पास झालो तर पंच किंवा सरपंच म्हणून माझा विचार व्हावा.’ तोंडी बोलू नका, पोच घ्या. ‘नाही’ म्हणायला त्यांनाही मग कारण द्यावं लागेल.

प्रेक्षकांबद्दल खोटा दिलासा देत नाही. कुणीतरी ओरडणारच. पण सर, सतरा वर्षं प्रत्येक हरणाऱ्या गावानं तुम्हाला ‘आंधळा’ म्हटलंय. तुम्ही एकदा तरी डोळे तपासायला गेलात का? ती शिवी निकालाला असते हे तुम्हाला तेव्हा कळत होतं. आता ते पायावरून ओरडतील, तेही निकालालाच. पहिल्या दोन-चार सामन्यांत झोंबेल. नंतर तुमच्या निर्णयांवरच जास्त ओरडा होईल, आणि मग समजा की तुम्ही परत आलात.

रात्री नसलेली बोटं वळतात, ते भास म्हणून सोसू नका. मेंदूत त्या पायाचा नकाशा अजून शाबूत असतो, म्हणून दुखतं. त्यावर औषधं आहेत, आरशासमोर करायचे व्यायाम आहेत. डॉक्टरांना स्पष्ट सांगा. झोपेबरोबर मनही खचत असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

वहिनींचं ‘आता पुरे’ मी हलकं घेत नाही. ट्रकच्या रात्री दवाखान्याच्या बाकावर त्या बसल्या होत्या, तुम्ही शुद्धीवर नव्हता. पण आमच्या घरातलंही सांगते. माझ्या मामांचा पाय साखरेमुळे गेला. अशोक चौकाकडे त्यांचे माग होते. आम्ही सगळ्यांनी त्यांना प्रेमानं बसवून ठेवलं: मामा तुम्ही बसा, मामा आम्ही करतो. दोन वर्षांत त्यांनी मागाच्या खोलीत पाऊल टाकलं नाही, आणि नुसत्या आवाजावरून कुठला धागा तुटला ते सांगणारा माणूस दिवसभर टीव्ही बघू लागला. आम्ही चुकलो. वहिनींना हे वाचून दाखवा, आणि सॉकेटच्या मापाला त्यांनाही घेऊन जा. पडण्याचा सराव तर त्यांच्यासमोरच करा. तुम्ही पडून उठता हे त्यांनी एकदा डोळ्यांनी बघायला हवं.

(ज्यांचा पाय मामांसारखा साखरेनं गेला आहे, त्यांच्यासाठी जरा वेगळं. तुमचा उरलेला पाय सगळ्यात मोलाचा. मैदानावर अनवाणी एक पाऊलही नको, रोज तळवा बघायचा, आणि डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय दिवसभर उभं राहायचं नाही. गुडघ्याच्या वरून पाय गेला असेल तर चालायलाच खूप जास्त ताकद लागते. तिथे बसून करायच्या पंचगिरीचा आधी विचार करावा. टेबल टेनिसचा पंच बसलेला असतो, कॅरम आणि बुद्धिबळात धावाधाव नाही, कुस्तीत मॅटवरचा पंच फिरता असला तरी जज आणि मॅट चेअरमन बसलेले असतात. खो-खोचा पंच मात्र पाठलागाबरोबर सतत हलता असतो, ते फार अवघड. आणि कुणी सरकारी नोकरीत असेल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० प्रमाणे नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून कामावरून काढता किंवा पदावनत करता येत नाही. जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर आधी ते काढा.)

राहिला मुलगा. ‘त्याला माझी लाज वाटते’ हे त्याचं वाक्य नाही, तुमचं आहे. तो एवढंच म्हणाला, ‘पप्पा, नका येऊ.’ पंधरा वर्षांचं पोर मैदानावर वाढलंय, गर्दी काय बोलते ते तुमच्याइतकंच त्यालाही माहीत आहे. कदाचित तुम्हाला कुणी काही बोललं तर आपण चढाई सोडून त्याच्या अंगावर धावून जाऊ, याची त्याला भीती असेल. कदाचित तुम्ही म्हणता तसंही असेल, थोडी लाज; या वयात बापाच्या स्कूटरचीसुद्धा वाटते. निर्णय देण्याआधी दुसऱ्या बाजूच्या पंचाला विचारता ना, तसं त्याला विचारा. समोरासमोर बसवून नको, बसमध्ये शेजारी बसून कुठे जाताना विचारा. पोरं तेव्हा बोलतात.

आणि चाचणीच्या संध्याकाळी निदान रेषेवरचा मोबाइल धरायला कुणीतरी लागेलच. स्टँड विकत आणू नका, त्याला विचारून बघा. नव्या सॉकेटमध्ये किती मोजे लागतात, ते मात्र मला कळवा.